स्पोर्ट्स कार घेताय? टॉप मॉडेलचं टोकन देण्याआधी हे वाचा

नागपूरच्या इतवारीत दुकान असलेल्या माणसाने स्पोर्ट्स कार घेतली की नातेवाईक आधी हसतात आणि मग फोटो काढायला येतात. माझ्याकडेही तेच झालं. २०२१ मध्ये मी दोन दारांची एक जर्मन कूपे घेतली. सेकंड हँड, पण त्या मॉडेलची सगळ्यात वरची आवृत्ती. चौदा महिन्यांत विकली. मग त्याच मॉडेलची सगळ्यात खालची, म्हणजे बेस आवृत्ती घेतली, ती आजही दारात उभी आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण गाडीत खोट नव्हती. निवड माझी चुकली होती.

या अदलाबदलीत जेवढे पैसे बुडाले तेवढ्यात बायकोसाठी एक नवी हॅचबॅक आली असती. हे ती मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते. तुमच्या घरी अशी वेळ येऊ नये म्हणून मी ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने लिहितो.

१. शोरूमला जाण्याआधी महिनाभर वही लिहा

आत्ता जी गाडी आहे तिचीच नोंद ठेवा. कुठे गेलात, सोबत किती जण होते, गाडी कुठे लावली आणि सगळ्यात जास्त वेग किती गेला. माझ्या वहीत रोज धरमपेठ ते इतवारी होतं. रविवारी पहाटे सेमिनरी हिल्स आणि फुटाळा, महिन्यातून एकदा वर्धा रोडने मिहानपर्यंत, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा समृद्धीने शिर्डी.

आता ही वही आकड्यांशेजारी ठेवा. पोर्श ९११ ची ९९२ पिढी घेऊ, २०२४ च्या बदलांआधीची. साध्या करेराला ३८५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), करेरा एसला ४५०, टर्बो एसला ६५०. शून्य ते शंभर अनुक्रमे ४.२, ३.७ आणि २.७ सेकंद. नागपूरबाहेर शिवमडक्याला समृद्धीवर चढलात की कायद्याची हद्द १२०. सगळ्यांत ‘हळू’ करेरा तिथे पाच-सहा सेकंदांत पोचते. पुढचे सातशे किलोमीटर तिन्ही गाड्या सारख्याच.

माझ्या टॉप मॉडेलमध्ये दुसरा गिअर पूर्ण ओढला की काटा शंभरच्या पुढे जायचा आणि लगेच पाय काढावा लागायचा. इंजिनाचा खरा आवाज सुरू व्हायचा तिथेच माझी हिंमत, रस्ता आणि कायदा तिन्ही संपायचे. बेस गाडीत तोच गिअर शेवटपर्यंत नेता येतो. मजा तिथे आहे, आणि ती कागदावरच्या आकड्यात दिसत नाही.

२. ‘वरचं’ म्हणजे नेमकं काय वर, ते शोधा

ब्रोशर वाचताना एकच प्रश्न विचारा. बेस आणि टॉप यांच्यात इंजिनच वेगळं आहे, की त्याच इंजिनातून जास्त ताकद काढली आहे?

९११ च्या करेरा आणि करेरा एसमध्ये इंजिन तेच ३ लिटरचं, सहा सिलिंडरचं. एसचे टर्बो मोठे. नागपूरच्या वापरात हा फरक मला पैसे मोजण्यालायक वाटत नाही.

पोर्शच्याच ७१८ केमनचं गणित वेगळं आहे. ती २०२५ मध्ये बनायची थांबली. बेसमध्ये २ लिटरचं चार सिलिंडर टर्बो, ३०० पीएस. एसमध्ये २.५ लिटर, तेही चार सिलिंडर, ३५० पीएस. जीटीएस ४.० मध्ये मात्र ४ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, टर्बो नाही, ४०० पीएस. ती गाडीच निराळी, आवाजही निराळा. इथे माझं मत सरळ आहे. सेकंड हँड बेस घ्या, नाहीतर थांबा आणि जीटीएसच शोधा. मधली एस मी घेणार नाही. बीएमडब्ल्यू झेड४ चंही तसंच. २०१९ मध्ये ती आपल्याकडे आली तेव्हा २०आयमध्ये चार सिलिंडर होते आणि एम४०आयमध्ये सहा. तिथे वरच्या गाडीचे पैसे मला पटतात.

जॅग्वार एफ-टाइपचं उदाहरण उलट्या बाजूचं. तिची चार सिलिंडरची २ लिटर आवृत्ती व्ही६ पेक्षा सुमारे ५० किलो हलकी, आणि हे वजन बहुतेक पुढच्या चाकांवरून कमी झालेलं. वळणावर नाक चटकन वळतं. स्वस्त आवृत्ती इथे चालवायला जास्त चांगली, फक्त व्ही८ चा गडगडाट नाही. तुम्हाला गडगडाटच हवा असेल तर खुशाल घ्या, पण आवाजासाठी पैसे देताय हे स्वतःशी कबूल करून घ्या.

भारतात आणखी एक अडचण आहे. कंपन्या पुष्कळदा बेस आवृत्ती इकडे आणतच नाहीत. फोर्ड मस्टँग बाहेरच्या देशांत चार सिलिंडरची मिळत होती. आपल्याकडे २०१६ मध्ये आली ती फक्त ५ लिटर व्ही८ जीटी. परदेशी व्हिडिओ बघून ‘बेस घेईन’ ठरवाल आणि इथे ती नसेलच. आधी भारतातली किंमत-यादी मागवा.

३. चाकं आणि टायर: माझे पैसे इथेच गेले

हा भाग लांबणार आहे, पण हाच नीट वाचा.

टॉप मॉडेलवर चाकं मोठी येतात आणि रबराची जाडी कमी होते. टायरच्या बाजूवर २६५/४५ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. ७१८ च्या बेसला मागे २६५/४५, १८ इंची. २६५ चे ४५ टक्के म्हणजे ११९ मिमी रबर. जीटीएसला मागे २६५/३५, २० इंची. म्हणजे ९३ मिमी. पुढच्या चाकात हाच फरक १०६ आणि ८२ चा. अडीच सेंटिमीटर कमी रबर. शोरूमच्या चकचकीत फरशीवर ते देखणं दिसतं.

मे महिन्यातली रात्र होती. वर्धा रोडवर काम सुरू होतं आणि सिमेंट रस्त्याच्या दोन पट्ट्यांच्या जोडावर एक कड उंच राहिली होती. वेग जेमतेम चाळीस. एकदाच ‘टक्’ असा आवाज आला. सकाळी बघतो तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. वाडीतल्या मिस्त्रीने बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, हे टायर नाही, कातडं गुंडाळून फिरून राहिले तुम्ही.” तो साइज नागपुरात कोणाकडेच नव्हता. मागवायला पाच दिवस लागले आणि एका टायरला बेचाळीस हजार. शिवाय एक नवा आणि एक झिजलेला टायर एकाच अ‍ॅक्सलवर लावत नाहीत, म्हणून दोन घ्यावे लागले. चौदा महिन्यांत असं तीनदा झालं.

आताच्या बेस गाडीला १८ इंची चाकं आहेत. त्याच रस्त्याने रोज जातो. अजून एकही फुगा नाही.

तेव्हा टोकन देण्याआधी चारही टायरचे साइज लिहून घ्या आणि शहरातल्या दोन-तीन टायरवाल्यांना फोन करून विचारा, “हा माल आत्ता हाताशी आहे का?” पुढचे-मागचे साइज वेगळे असतील तर टायर आलटून-पालटून लावता येत नाहीत, म्हणजे मागची जोडी लवकर संपणार. हाही खर्च मांडून ठेवा.

ब्रेकचंही असंच. महागड्या आवृत्त्यांवर कार्बन-सिरॅमिक डिस्क असतात. पोर्शवर पिवळे कॅलिपर (डिस्क पकडणारे भाग) दिसले तर बहुधा तेच. रेस ट्रॅकवर उत्तम. फुटाळ्याच्या फेरीला त्यांचा काही उपयोग नाही, आणि सेकंड हँड गाडीत त्या बदलायची वेळ आली तर बिल लाखांत जातं.

४. सापळा: ‘नव्या बेसच्या किमतीत जुनं टॉप’

मी यातच अडकलो. तीन-चार वर्षं जुनी टॉप आवृत्ती नव्या बेसच्या भावात दिसते आणि माणूस विरघळतो. गाडीची किंमत उतरलेली असते, पण स्पेअर पार्टची उतरत नाही. तुम्ही साठ लाखांत घेतली तरी डिस्क, डँपर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि टायर कोटीच्या गाडीच्याच भावाने येतात.

मी आता दलालाला किंमत विचारण्याआधी सर्व्हिस सेंटरला पाच गोष्टींचा भाव विचारतो: चार टायर, चार डिस्क आणि पॅड, एक डँपर, एक हेडलाइट, मोठी सर्व्हिस. बेस आणि टॉप दोन्हींचा. कागदावर दोन रकाने आखा. ही यादी हातात असती तर मी २०२१ मध्ये तिथूनच परत फिरलो असतो.

ज्या कंपनीचं वर्कशॉप नागपुरात नाही तिची गाडी घेत असाल तर ट्रेलरने मुंबई-पुण्याला जाण्या-येण्याचं भाडंही त्यात धरा.

५. ऑन-रोड किमतीचा हिशेब स्वतः करा

भारतात बेस आणि टॉप यांच्यातलं अंतर फक्त इंजिनाचं नसतं. गाडी इथे जोडली आहे की पूर्ण तयार आयात झाली आहे, यावर बरंच ठरतं. बीएमडब्ल्यू एम३४०आय २०२१ मध्ये आली तेव्हा ती चेन्नईत जोडलेली होती. ३ लिटर, सहा सिलिंडर, ३८७ पीएस, शंभरला ४.४ सेकंद, वर चार दारं आणि डिकी. तयार आयात होणाऱ्या, बीएमडब्ल्यूच्या सगळ्यात तेज एम गाड्या तिच्यापेक्षा कितीतरी महाग, कारण सुट्या भागांवर शुल्क कमी आणि तयार गाडीवर जबर.

मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स. पेट्रोल गाडी २० लाखांच्या वर असेल तर १३ टक्के, डिझेल असेल तर १५. आयात केलेली किंवा कंपनीच्या नावावर घेतलेली असेल तर २० टक्के. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. ८० लाखांच्या पेट्रोल गाडीला १३ टक्क्यांनी १० लाख ४० हजार होतात, २० टक्क्यांनी १६ लाख. ‘प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घे, घसारा मिळेल’ असा सल्ला ज्याने दिला त्याला हा फरक धरून पुन्हा गणित करायला सांगा. मला दिला तो माझाच मावसभाऊ, म्हणून जास्त बोलत नाही.

याशिवाय गाडी १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणारा आधीच घेतो तो आयकर. तो आयकर रिटर्नमध्ये वळता होतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच. विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता १५०० सीसीच्या वर सगळ्यांना एकच असतो. खरा फरक ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पडतो, कारण तो गाडीच्या आयडीव्हीवर (विम्यात धरलेल्या किमतीवर) ठरतो. इंजिन प्रोटेक्ट आणि झिरो डेप (भागांचा घसारा न कापता भरपाई) घ्याच. टायरसाठी वेगळं कव्हर मिळत असेल तर तेही घ्या. का, ते वर सांगून झालं.

६. बेस घ्या, पण ऑप्शन विचार करून

बेस म्हणजे उघडीबोडकी गाडी नव्हे. जे नंतर बसवता येत नाही, त्यावर पैसे घाला. चांगली स्पोर्ट्स सीट, मऊ-कडक करता येणारे डँपर, मिळत असेल तर मागचं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारं), आणि स्पीड ब्रेकरवर नाक वर उचलण्याची सोय. ही शेवटची सोय नागपुरात सोन्याच्या मोलाची. आमच्या गल्लीतले ब्रेकर कोणी आणि का केले हे कोणालाच ठाऊक नाही.

कार्बन फायबरची सजावट, रंगीत शिलाई, मोठी चाकं सोडून द्या. विकताना त्यांचा रुपयाही मिळत नाही.

छत उघडणारी गाडी घ्यावी का, हे पुष्कळ जण विचारतात. डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी स्वर्ग आहे. एप्रिलपासून छत बंद, एसी फुल, आणि कॅनव्हास वर तापतोय.

७. टेस्ट ड्राइव्ह: मार्ग तुम्ही ठरवा

सेल्समन तुम्हाला गुळगुळीत, मोकळ्या रस्त्यावर नेईल. तुम्ही त्याला आपल्या सोसायटीच्या बेसमेंटच्या उतारावर न्या. मग बर्डीची संध्याकाळची गर्दी, मग मोकळा रस्ता. बेस आणि टॉप एकाच दिवशी, एकाच मार्गावर चालवा. दोन दिवसांच्या अंतराने चालवल्यात तर नंतरची नेहमी चांगली वाटते.

घरातलं सगळ्यात मोठं माणूस सोबत न्या. मी आईला नेलं. दार उघडून ती खाली वाकली, सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “यात बसाचं का निजाचं?” तिच्या गुडघ्यांनी जो निकाल दिला तो कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा खरा ठरला. एक हात दाराच्या चौकटीवर, एक माझ्या खांद्यावर, तरी उतरायला दोन मिनिटं लागली.

८. सेकंड हँड घेताना काय तपासायचं

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाही. अंबाझरी ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि अंबाझरी ले-आउटपासून सीताबर्डीपर्यंत पाणी शिरलं. किती तरी गाड्या त्यात बुडाल्या. स्पोर्ट्स कार मुळातच खाली, आणि उभी असते बेसमेंटमध्ये. म्हणून सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या वीतभरावर मातीची रेघ दिसते का पाहा. सीटचे बोल्ट गंजलेत का, डिकीच्या तळाशी गाळ आहे का, कार्पेटखाली हात घातला तर ओल किंवा कुबट वास येतो का. हेडलाइटच्या आत वाफ धरली असेल तर कारण विचारा.

टायरवर चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर आठ हजार दाखवतोय आणि पाच वर्षांत दुसरा सेट चढलाय, तर मालक बहुधा ट्रॅकवाला आहे किंवा मीटर फिरवलाय.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पैसे देऊन कॉम्प्युटर स्कॅन करून घ्या. पोर्शच्या बाबतीत इंजिन किती वेळा मर्यादेपलीकडे फिरवलं तेही त्यात निघतं. विकणारा ‘गरज नाही साहेब’ म्हणाला तर गरज आहे.

९. कागदपत्रं

- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्यांसह
- कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका
- गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी
- दुसऱ्या राज्यातली असेल तर नव्या नंबरसाठी फॉर्म २७
- दोघांचे ओळख आणि पत्त्याचे पुरावे, पॅन
- मूळ खरेदीचं बिल. परराज्यातल्या गाडीचा टॅक्स काढताना हेच मागतात
- सगळी सर्व्हिस बिलं, दोन्ही किल्ल्या

तुमचा पत्ता कुठल्या कार्यालयात येतो ते आधी बघा. शहराला एमएच ३१, पूर्व नागपूरला ४९, ग्रामीणला ४०. मी पहिल्यांदा गिरीपेठेत अर्धा दिवस रांगेत उभा राहिलो, आणि गाडीची फाइल दुसऱ्याच कार्यालयाची निघाली.

दिल्ली-हरियाणाच्या गाड्या स्वस्त दिसतात. त्यांच्यावर इथला टॅक्स गाडीचं वय धरून पुन्हा भरावा लागतो आणि तिकडचा परतावा तुम्हालाच मागत बसावं लागतं. टॉप मॉडेलवर हा टॅक्सही जास्त. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, गाडीसोबत येत नाही. थकलेली चलानं व्यवहाराआधी ऑनलाइन बघा. स्पोर्ट्स कारवर ती असतातच.

१०. पहिला उन्हाळा

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. दुपारी पंचेचाळीस डिग्रीत मोजलेला आकडा खोटा असतो. समृद्धीच्या काँक्रीटवर लांब जाणार असाल तर टायरचं वय आणि बाजूच्या भेगा बघूनच निघा.

गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीला ट्रिकल चार्जर (हळूहळू चार्ज करत राहणारा) लावा, नाहीतर दारच उघडायचं नाही. आणि बोनेटखाली उंदीर शिरू देऊ नका. आमच्याकडे शिरला होता. एका सेन्सरची वायर कुरतडली आणि गाडी तीन दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली. आता रोज रात्री बोनेटखाली दिवा लावून ठेवतो, आणि शेजारच्या काकू विचारतात, गाडीला नजर लागली का म्हणून.